चंद्रावरून निघण्याचा हिशेब, वर्ध्याच्या नकाशावर

अंतराळातल्या साहसकथांचा शेवट बहुधा ठरलेला असतो. चंद्रावर घनघोर लढाई होते, अर्धा माणूस आणि अर्धे यंत्र असलेला शत्रू धुळीत कोसळतो, विजयी वीर यानात बसतात आणि निघून जातात. लढाईला दहा पाने, निघण्याला एक ओळ. वाचणाऱ्या मुलांनाही त्यात काही खटकत नाही. काम झाले, आता परत जायचे.

खऱ्या चंद्रावर ती एक ओळच सगळ्यात महाग पडते. चंद्राच्या जमिनीवरून उठून पृथ्वीची वाट धरणे आजवर फक्त ११ वेळा जमले आहे. त्यातली ६ उड्डाणे अमेरिकेच्या अपोलोची, ३ सोव्हिएत लूनाची आणि २ चीनच्या चांग-ईची. पहिली खेप १९६९ सालची, अकरावी जून २०२४ मधली. पंचावन्न वर्षांत अकरा. या अकरांमागे किती टन इंधन, किती अंतर आणि किती ऊर्जा उभी आहे, याचा हिशेब मांडला की आकडे डोळे फिरवतात. पण नुसते आकडे हातात येत नाहीत. म्हणून ते आपल्या ओळखीच्या जमिनीवर उतरवू या. त्यासाठी वर्धा जिल्ह्याइतकी सोयीची जमीन दुसरी नाही.

हिंगणघाटचा चंद्र

एकच नियम करू. खऱ्या अवकाशातले १२ किलोमीटर म्हणजे नकाशावरचा एक मीटर. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर आहे, तो होतो एक किलोमीटरहून थोडा जास्त. या पृथ्वीचा मध्य वर्धा रेल्वे स्टेशनवर ठेवला की तिच्या कडा स्टेशनच्या दोन्ही अंगांना अर्धा-अर्धा किलोमीटर पसरतात. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर, म्हणजे २९० मीटर. आणि चंद्राचे सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर, म्हणजे नकाशावर ३२ किलोमीटर. वर्ध्याहून सरळ रेषेत ३२ किलोमीटर आग्नेयेला गेले की आपण हिंगणघाटच्या वेशीवर पोचतो.

तर पृथ्वी वर्ध्याला आणि चंद्र हिंगणघाटला. मधे पोकळी.

चंद्राची कक्षा पूर्ण गोल नाही. तो कधी ३० किलोमीटरवर येतो, कधी ३४ किलोमीटरच्या जवळ जातो. पृथ्वीचे वातावरण जिथे संपले असे मानतात ती १०० किलोमीटरची उंची या नकाशावर आठ मीटर भरते. एव्हरेस्ट पाऊण मीटरचे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक पृथ्वीच्या पृष्ठभागापासून ३३ मीटरवर फिरते. अंतराळात राहून आलेले बहुतेक सगळे अंतराळवीर या ३३ मीटरांच्या आसपासच राहून आले आहेत. टीव्हीचे कार्यक्रम पोचवणारे भूस्थिर उपग्रह ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. ते पडले पृष्ठभागापासून ३ किलोमीटरवर, सेवाग्रामच्याही अलीकडे. आणि ३२ किलोमीटरवरच्या त्या गोळ्याच्या जमिनीवर पाऊल ठेवलेली माणसे एकूण १२.

सूर्य कुठे ठेवायचा? तो निघतो ११६ किलोमीटर व्यासाचा, आणि त्याची जागा येते वर्ध्यापासून सुमारे साडेबारा हजार किलोमीटरवर, न्यूयॉर्कच्या आसपास.

आपला जिल्हाही या नकाशावर बसवून पाहू. वर्धा जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ६,३०० चौरस किलोमीटर. आर्वीपासून हिंगणघाटपर्यंत, पुलगावपासून समुद्रपूरपर्यंत, आठ तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार १३ लाखांची वस्ती. हे सगळे साडेसहा मीटर लांब-रुंद जागेत मावते. चंद्राची जमीन आहे ३ कोटी ७९ लाख चौरस किलोमीटर. तिच्यावर असे सहा हजार वर्धा जिल्हे शेजारी-शेजारी मांडता येतील. चंद्रावर एक किलोमीटरपेक्षा मोठी विवरे सुमारे १३ लाख मोजली गेली आहेत. ती सारखी वाटली तर एकेका वर्ध्याच्या वाट्याला दोनशेहून जास्त येतात. विदर्भातले आपले लोणारचे विवर १.८ किलोमीटर व्यासाचे. एवढ्या एका विवरासाठी जगभरचे शास्त्रज्ञ बुलडाण्याची वाट धरतात, कारण ते काळ्या पाषाणात, बेसॉल्टमध्ये खोदले गेले आहे, आणि चंद्रावरचे काळे डागही बेसॉल्टचेच आहेत. वर्ध्यात विहीर खणताना लागणारा काळा दगड त्याच जातीचा. आपला साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तर चंद्रावरचा बराचसा तीनशे कोटी वर्षांपलीकडचा.

एका किलोची सुटका

आता निघण्याकडे वळू. एखादी वस्तू पृथ्वीच्या ओढीतून कायमची सुटायची तर तिला सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग द्यावा लागतो. चंद्रावर २.३८ किलोमीटर पुरतो. वेगात फरक पावणेपाच पटींचा. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून ऊर्जेतला फरक २२ पटींचा आहे.

ही ऊर्जा विजेच्या युनिटमध्ये मांडली की तोंडात बोट जाते. एक किलो वजन पृथ्वीवरून सोडवायला निदान १७.४ युनिट लागतात. चंद्रावरून सोडवायला ०.८ युनिट, म्हणजे एक युनिटही नाही. साठ किलोच्या माणसाला चंद्राच्या कचाट्यातून सोडवणारी ऊर्जा ४७ युनिटांत बसते. अपोलोच्या सहा मोहिमांनी मिळून ३८२ किलो दगडमाती आणली. ती सगळी चंद्रावरून सोडवण्याची किमान ऊर्जा निघते ३०० युनिट.

तीनशे युनिट! मग ११ वेळाच का?

कारण ही किमान ऊर्जा फक्त त्या वजनाची आहे. रॉकेटला आपले इंधन आपल्याच पाठीवर न्यावे लागते, आणि ते इंधन उचलायला आणखी इंधन लागते. चंद्रावरून उठायचे इंधन चंद्रावर मिळत नाही. ते पृथ्वीवरून उचलायचे, ३२ किलोमीटरच्या पोकळीतून न्यायचे, चंद्रावर अलगद उतरवायचे आणि निघायच्या क्षणापर्यंत शाबूत ठेवायचे. चंद्रावरून निघणे सोपे आहे, पण ते निघणे पृथ्वीवरून बरोबर न्यावे लागते. सगळा खर्च या एका वाक्यात आहे.

अपोलोचे सॅटर्न ५ रॉकेट उड्डाणाच्या वेळी सुमारे २,९०० टनांचे होते. त्याचा पहिला टप्पा अडीच मिनिटांच्या आसपास चाले आणि दर सेकंदाला सुमारे १३ टन इंधन आणि ऑक्सिजन जाळून टाकी. त्याच रॉकेटने चंद्रावर नेलेला, परत उठणारा भाग होता पावणेपाच टनांच्या आसपास, आणि त्यातही जवळजवळ निम्मे इंधनच. त्याचे इंजिन दर सेकंदाला ५ किलो जाळी. एकीकडे सेकंदाला १३ टन, दुसरीकडे ५ किलो. दोन हजार सहाशे पटींचा फरक, आणि दोन्ही एकाच प्रवासाची दोन टोके.

भागाकार केला तर चंद्रावरून उठणाऱ्या प्रत्येक किलोसाठी पृथ्वीवरून ६०० किलोंनी उठावे लागले. आणि सहा उड्डाणांचे वजन ३८२ किलो दगडमातीवर वाटले तर प्रत्येक किलोमागे ४५ टन येतात. प्रयोगशाळेत चिमटीने उचललेल्या एका ग्रॅम चांद्रधुळीमागे ४५ किलोंचे रॉकेट उभे आहे.

एक इंजिन, एक पेन

त्या पावणेपाच टनांच्या भागाला इंजिन एकच होते. पर्यायी इंजिन नाही, दुसरे यान नाही, मदतीला येणारे कोणी नाही. म्हणून ते शक्य तितके साधे ठेवले होते. एकमेकांना भिडताच आपोआप पेटणारी दोन रसायने वापरली, म्हणजे ठिणगीचीसुद्धा गरज उरली नाही. झडपा उघडल्या की इंजिन पेटलेच पाहिजे.

तरीही २१ जुलै १९६९ रोजी गाडे एका लहानशा गोष्टीवर अडले. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावर चालून यानात परतले तेव्हा त्यांना यानाच्या फरशीवर एक तुटलेला तुकडा दिसला. इंजिन सज्ज करणाऱ्या सर्किट ब्रेकरचे ते टोक होते. अरुंद खोलीत पाठीवरचे ओझे लागून ते मोडले असावे. तो ब्रेकर आत दाबल्याशिवाय इंजिनाकडे वीज जाणार नव्हती. ऑल्ड्रिनने खिशातले फेल्ट पेन काढले आणि त्याच्या टोकाने ब्रेकर आत दाबला. २,९०० टनांच्या खटाटोपाचे परत येणे त्या घडीला एका पेनाने साधले. भारतात रात्रीचे ११ वाजून २४ मिनिटे झाली होती तेव्हा यान उठले. सात मिनिटांच्या थोडे वर इंजिन चालले आणि दोघे चंद्राच्या कक्षेत पोचले. आपल्या नकाशावर त्यांनी गाठलेला वेग सेकंदाला १४ सेंटिमीटर.

माणसांचे शेवटचे निघणे अपोलो १७ चे. चंद्रावर ७५ तास काढून यूजीन सर्नन आणि हॅरिसन श्मिट निघाले तेव्हा वर्ध्यात १५ डिसेंबर १९७२ ची पहाट होती, ४ वाजून २४ मिनिटे. त्या तीन दिवसांत त्यांनी आपली विजेवरची गाडी सुमारे ३५ किलोमीटर फिरवली होती. खऱ्या जमिनीवर वर्ध्याहून हिंगणघाटला जाण्याइतका हा पल्ला. पण यानापासून ते कधीही ७.६ किलोमीटरपेक्षा लांब गेले नाहीत. गाडी बंद पडली तर पायी परतता आले पाहिजे, हा हिशेब त्यामागे होता. हे अंतर वर्धा ते सेवाग्राम आश्रमाएवढे.

हे निघणे जगाने पाहिले, कारण गाडीवरचा कॅमेरा ते टिपत होता. तो फिरवणारा एड फेंडेल बसला होता ह्यूस्टनमध्ये. त्याची आज्ञा चंद्रावर पोचायला सव्वा सेकंद आणि चित्र परत यायला सव्वा सेकंद. पडद्यावर यान उठलेले पाहून कॅमेरा वर वळवला असता तर यान केव्हाच चौकटीबाहेर गेले असते. म्हणून त्याने पडद्याची वाट पाहिली नाही. घड्याळाच्या काट्यावर, आधीच आखलेल्या वेळांनुसार त्याने आज्ञा पाठवल्या, आणि कॅमेऱ्याची नजर यानाबरोबर वर चढत गेली. चित्रात धुराचा लोट नाही, मोठी ज्वाळा नाही. सोनेरी पत्र्याचे तुकडे चहूकडे उडतात, चार पायांचा खालचा भाग जागच्या जागी राहतो आणि वरचा भाग सरळ वर सुटतो. तिथे हवा नाही, म्हणून आवाजही नाही. पृथ्वी सोडताना याच मोहिमेच्या रॉकेटने साडेतीन हजार टनांच्या आसपास जोर लावला होता. चंद्र सोडताना दीड टनांहून थोडा जास्त पुरला.

त्यानंतर चंद्राच्या जमिनीवर माणसाचे पाऊल पडलेले नाही.

खरा शत्रू कोण

कथांमधला अर्धयंत्र शत्रू मुळात शत्रू म्हणून जन्मला नव्हता. सप्टेंबर १९६० मध्ये मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन या दोन शास्त्रज्ञांनी सायबॉर्गची कल्पना मांडली, ती अंतराळवीरासाठीच. माणसाबरोबर पृथ्वीचे हवापाणी वाहून नेण्यापेक्षा माणसाच्या शरीरालाच यंत्रांची आणि औषधांची जोड देऊन ते अवकाशात टिकेल असे करावे, असा त्यांचा विचार होता. या विचारामागेही वजनाचाच हिशेब आहे. एका माणसाला दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. वर पाणी, अन्न, आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारी रसायने. प्रत्येक किलो त्या ६०० च्या पाढ्यातून जाणार.

अपोलोच्या माणसांचे शरीर बदलले नाही, तरी चंद्रावर चालणारा माणूस त्या कल्पनेपासून फार दूर नव्हता. अंगावर अनेक थरांचा पोशाख, पाठीवर श्वासाचे आणि गारव्याचे यंत्र. पृथ्वीवर हे सगळे नव्वद किलोंच्या आसपास भरे, चंद्रावर पंधरा. आत शुद्ध ऑक्सिजन, आपल्या हवेच्या पाव दाबाचा. छातीवरच्या पट्ट्यांतून हृदयाचे ठोके पृथ्वीवर पोचत. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या जेम्स आयर्विनच्या हृदयाचे ठोके चुकू लागले, ते सर्वांत आधी ह्यूस्टनमधल्या डॉक्टरांना पडद्यावर दिसले. माणूस चंद्रावर, त्याच्या नाडीवर हात ३,८४,००० किलोमीटरवरून. यंत्र इथे माणसाचे वैरी नव्हते. त्याच्यामुळेच तो जिवंत परत आला.

चंद्रावर शत्रू आहे तो रात्रीचा. तिथला दिवस आपल्या १४ दिवसांचा आणि रात्रही तेवढीच. भारताच्या चांद्रयान ३ मधल्या विक्रम लँडरने दक्षिण ध्रुवाच्या बाजूला मातीत एक सळई खुपसून तापमान मोजले. पृष्ठभागावर ५० अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि ८ सेंटिमीटर खाली उणे १०. वैशाखात पंचेचाळिशी ओलांडणारा वर्ध्याचा पारा आपल्याला ठाऊक आहे, पण बोटभर खोलीत साठ अंश उतरणारी जमीन पृथ्वीवर कुठे नाही. ही दिवसाची गोष्ट. रात्री तिथला पारा उणे २०० च्या जवळ जातो. बॅटऱ्या, तारा, झाळलेले जोड सगळे या थंडीत आखडतात. विक्रम आणि त्यातून उतरलेली प्रज्ञान ही बग्गी यांची आखणीच एका चांद्रदिवसापुरती होती. प्रज्ञानने आपल्या २६ किलोंच्या देहाने सुमारे १०० मीटर चाल केली, काम संपवले आणि रात्रीपूर्वी दोघांना निजवले गेले. सकाळ झाल्यावर त्यांना जागे करण्याचे प्रयत्न झाले, पण ते उठले नाहीत.

चाळीस सेंटिमीटर आणि तेरा किलोमीटर

निजण्याआधी विक्रमने मात्र एक गोष्ट करून दाखवली. ३ सप्टेंबर २०२३ रोजी त्याने पुढे काढलेली उपकरणे आत दुमडून घेतली, इंजिने पुन्हा पेटवली, तो सुमारे ४० सेंटिमीटर वर उठला आणि तीस-चाळीस सेंटिमीटर बाजूला उतरला. उतरल्यावर उपकरणे पुन्हा बाहेर काढली आणि ती चालू झाली. आपल्या नकाशावर ही उडी ३३ मायक्रॉनची आहे, केसाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. पण चंद्रावर अकरा दिवस उन्हात राहिलेले इंजिन पुन्हा पेटते, हे भारताला या उडीने कळले. परत येण्याची पहिली अट तीच आहे. १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्व्हेयर ६ नेही अशीच एक लहान उडी घेतली होती आणि दोन वर्षांच्या आत माणसे चंद्रावरून परत आली होती.

याच मोहिमेतले दुसरे यान मात्र खरेच निघाले, आणि फार गाजावाजा न करता. विक्रमला चंद्राच्या कक्षेपर्यंत पोचवणाऱ्या प्रोपल्शन मॉड्यूलचे काम १७ ऑगस्ट २०२३ रोजी विक्रम वेगळा होताच बहुतांशी संपले. महिनाभराच्या कामानंतरही त्याच्याकडे १०० किलोंहून जास्त इंधन शिल्लक होते. पृथ्वीवरच्या टाकीतले शंभर किलो आणि चंद्राच्या कक्षेतले शंभर किलो यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चांद्रयान ३ च्या ३.९ टनांना वाटेला लावायला सुमारे ६४० टनांचे रॉकेट लागले होते, म्हणजे प्रत्येक किलोमागे १६० किलो, आणि तेही चंद्राच्या वाटेच्या पहिल्या पायरीपर्यंतच. इस्रोने ते इंधन वाया घालवले नाही. पाकिटाची कोरी बाजूही लिहायला वापरणाऱ्या गांधीजींचे वास्तव्य ज्या जिल्ह्याने पाहिले, तिथल्या माणसाला या काटकसरीचे मोल सांगावे लागत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये कक्षा आधी उंचावली. १५० किलोमीटरवरून ती ५,११२ किलोमीटरपर्यंत ताणली गेली. १३ ऑक्टोबरला यान पृथ्वीच्या दिशेने लोटले. यानाच्या हालचालीवर चंद्राचा प्रभाव जिथपर्यंत मुख्य धरतात ती हद्द चंद्रापासून सुमारे ६६,००० किलोमीटरची, आपल्या नकाशावर हिंगणघाटभोवती साडेपाच किलोमीटरची. ती ओलांडायला या यानाला जवळजवळ महिना लागला. चंद्राजवळून चार फेऱ्या मारत, त्याच्याच ओढीचा उपयोग करून घेत, १० नोव्हेंबरला ते हद्दीबाहेर पडले. अपोलोची माणसे कक्षेतून निघून तीनेक दिवसांत समुद्रात उतरत. त्यांना घाई होती, कारण माणूस रोज ८४० ग्रॅम ऑक्सिजन खातो. या यानाला घाई नव्हती. वेळ भरपूर, इंधन थोडे, म्हणून त्याने वेळ खर्च केला.

वाटेत दोन गोष्टी टाळायच्या होत्या. यान चंद्रावर आदळता कामा नये आणि भूस्थिर उपग्रहांच्या ३६,००० किलोमीटरच्या पट्ट्यात शिरता कामा नये. २२ नोव्हेंबरला ते पृथ्वीच्या सर्वांत जवळ आले तेव्हा १ लाख ५४ हजार किलोमीटरवर होते, म्हणजे नकाशावर वर्ध्यापासून तेरा किलोमीटर दूर. इस्रोने ही बातमी दिली डिसेंबरमध्ये, सगळे पार पडल्यावर. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये फिरत-फिरत हेच यान पुन्हा चंद्राच्या हद्दीत शिरले आणि ६ नोव्हेंबरला चंद्राच्या पृष्ठभागापासून ३,७४० किलोमीटरवरून गेले. नकाशावर तीनशे-सव्वातीनशे मीटर.

ही दक्षता का लागते हे विदर्भाने डोळ्यांनी पाहिले आहे. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भाच्या आकाशात जळत्या रेषा सरकताना दिसल्या आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. चीनच्या लाँग मार्च रॉकेटचा तो भाग असावा, असा जाणकारांचा अंदाज होता. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. अवकाशात सोडून दिलेली वस्तू कोणाच्या ना कोणाच्या अंगणाची वाट धरू शकते.

चालण्याचा वेग आणि ताऱ्यांचे अंतर

कथेतले वीर चंद्रावरून निघून ताऱ्यांकडे जातात. तोही हिशेब एकदा करू. मे १९६९ मध्ये अपोलो १० परत येताना त्यातल्या माणसांनी ताशी ३९,८९७ किलोमीटर वेग गाठला, सेकंदाला ११ किलोमीटर. आपल्या नकाशावर हा वेग सेकंदाला ९२ सेंटिमीटर होतो. सकाळी रमतगमत फिरायला निघालेला माणूस असाच चालतो. वर्ध्याहून हिंगणघाटला जाणारा प्रकाश याच नकाशावर सेकंदाला २५ किलोमीटर धावतो.

सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. एक मीटरला १२ किलोमीटर या मापानेही तो वर्ध्यापासून ३३४ कोटी किलोमीटरवर जातो. खऱ्या सूर्यमालेत सूर्यापासून युरेनस जेवढा लांब, त्याहून हे अंतर जास्त आहे. नकाशा बारा हजार पटींनी लहान केला तरी शेजारचा तारा जिल्ह्यात मावत नाही, देशात मावत नाही, पृथ्वीवर मावत नाही. आणि आपली आकाशगंगा सुमारे एक लाख प्रकाशवर्षे रुंद. या नकाशावर तिची रुंदी ८ प्रकाशवर्षांहून जास्त येते, म्हणजे शेजारच्या ताऱ्याच्या खऱ्या अंतराच्या जवळजवळ दुप्पट.

हे वाचून माणूस क्षुद्र वाटू लागतो, असे नेहमी म्हटले जाते. मला तसे वाटत नाही. या एवढ्या पसाऱ्यात ३२ किलोमीटर ओलांडून जाणे आणि तिथून जिवंत परत येणे माणसाला १९६९ मध्ये जमले, अंकगणिताच्या आणि सेकंदाला पाचच किलो जाळणाऱ्या एका इंजिनाच्या बळावर. तिथे ठेवलेले आरसेही अजून काम करतात. त्यांच्यावर लेसर मारून मोजले तेव्हा कळले की चंद्रही आपल्यापासून दरवर्षी ३.८ सेंटिमीटर दूर जातो. विक्रमवरही असा एक लहान आरसा आहे, आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एका यानाने कक्षेतून पाठवलेला लेसर त्याने परत फिरवला. निजलेल्या विक्रमचा हा आरसा वीज नसताना काम करतो.

पुढचे निघणे

१८ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने चांद्रयान ४ ला मंजुरी दिली, २,१०४ कोटी रुपयांची. चंद्रावर उतरायचे, माती गोळा करायची, तिथून उठायचे, कक्षेत दुसऱ्या भागाला जोडून घ्यायचे आणि माती पृथ्वीवर आणायची. एका रॉकेटला हे सगळे वजन झेपत नाही, म्हणून दोन उड्डाणे करून भाग अवकाशात जोडायचे अशी आखणी आहे. विक्रमची ४० सेंटिमीटरची उडी आणि प्रोपल्शन मॉड्यूलचे परतणे या दोन्ही गोष्टी याच मोहिमेची पूर्वतयारी होत्या.

या मोहिमेकडे आपण उतरण्यापुरते पाहू नये. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी देशाने श्वास रोखून विक्रमला उतरताना पाहिले आणि ते योग्यच होते. पण चांद्रयान ४ ची खरी परीक्षा उतरल्यानंतर सुरू होईल, इंजिन पुन्हा पेटण्याच्या क्षणी. जिल्ह्यातल्या शाळांनी हा नकाशा मुलांकडून प्रत्यक्ष जमिनीवर काढून घ्यावा. वर्धा स्टेशनवर पृथ्वी, हिंगणघाटला चंद्र, मधे खुणेचे दगड, आणि चंद्रावरून उठणाऱ्या एका किलोमागे किती किलो निघाले याचा भागाकार मुलांनी स्वतः करावा. ज्या मुलीला तो भागाकार समजेल, तिला हेही समजेल की अवकाशात जाणाऱ्याने परतीचे इंधन सर्वांत आधी मोजायचे असते. चंद्रावरून निघालेल्यांच्या यादीत आज तीन देशांची नावे आहेत. चौथे नाव भारताचे व्हावे, आणि त्या दिवशी टाळी वाजवणाऱ्यांना ती कशासाठी वाजवतो आहोत हे आकड्यांसकट ठाऊक असावे.